मुका लॅपटॉप

"झोपेतून उठला, की मुका होतो हा. दोन रट्टे हाणले तरी तोंड उघडत नाही." दादाने लॅपटॉप धाकट्या भावापुढे आदळला आणि तो सिगारेट आणायला खाली उतरला.

लॅपटॉप दुरुस्ती हे धाकट्याचे कामच होते. दोष त्याला लवकर सापडला. लॅपटॉप निजला, की स्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरची वीज तुटे आणि तो सारे काही विसरे. जाग आल्यावर ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्रॅम, त्याला पुन्हा काही सांगतच नसे. धाकट्याने ड्रायव्हरमध्ये कोडच्या एका ओळीची भर घातली, झाकण मिटले, उघडले. अर्धवट राहिलेले एक प्रेमगीत, अगदी टोकापर्यंत चढवून ठेवलेल्या आवाजात, भिंती हादरवत सुरू झाले.

स्वयंपाकघरात पातेले पडले. त्याने वळून पाहिले. वहिनी ओट्याखाली अंग चोरून बसली होती; दोन्ही हात डोक्यावर, डोळे गच्च मिटलेले. बाही मागे सरकली होती आणि मनगटापासून कोपरापर्यंत पट्ट्याचे वळ उमटलेले होते.

"गाणं लागलं ना, भावोजी," ती पुटपुटली, "मला वाटलं, हे आले."

त्याने गाणे थांबवले. मग आपण घातलेली ती ओळ पुसून टाकली.

दादा परतला. "झाला?"

"नाही. आता कधीच होणार नाही."

"मग एवढं शिकून काय उजेड पाडलास रे?" दादाने हात उगारला.

धाकटा जागचा हलला नाही.

"मार, दादा. आज गाणं नाहीये. सगळ्या इमारतीला ऐकू जाईल."