चिकाच्या पडद्यामागचा बाक

दाराआड सूप घेऊन बसलेली गुरुबाई ज्वारीतले खडे निवडत होती. हात सुपात होते, कान ओसरीवर.

ओसरीवर कमठाण्याचा अण्णाराव आला होता. हैदराबादच्या मोठ्या कॉलेजात त्याचं एक वर्ष झालेलं. वर्गाचं नाव तिजारत आणि इंतजाम. दुकान कसं चालवावं, गिरणी कशी चालवावी, माणसांकडून काम कसं करून घ्यावं, ते तिथं उर्दूतून शिकवतात. गुरुबाईचा धाकटा भाऊ माणिकप्पा परवा त्याच वर्गाला निघायचा होता, म्हणून त्यांच्या वडिलांनी, अप्पांनी, अण्णारावला मुद्दाम बोलावून घेतलं. पोराला चार गोष्टी सांगा, म्हणाले, आणि स्वतः खांबाला टेकून डोळे मिटले.

माणिकप्पानं पहिलं विचारलं ते बोर्डिंगात भाकरी मिळते का.

"भाकरी शिकायला जायलास का रे?" अण्णाराव हसला. मग सांगत गेला. दोन्ही वेळा भातच असतो. आठ दिवस रडू येतं, नवव्या दिवशी तोच गोड लागतो. शेरवानी एक पुरे, पण गुंड्या सगळ्या लावायच्या. पहिले दोन महिने काहीच कळत नाही. कळल्यासारखी मान हलवायची नाही, मान हलवणारेच नापास होतात. चौघाचौघांची टोळी करून काम देतात; एक जण काम करतो, तिघं खाली सही करतात.

"आन येक ध्यानात ठेव. वर्गाच्या दाराशी जोडा काढायचा न्हाई."

हे माणिकप्पाला पटेना. मठातल्या शाळेत तो वहाणा पायरीखाली सोडूनच शिकला होता. "इद्या हाय तिथं पायताण?"

"मीबी तसंच केलो. काढून आत गेलो, तर समद्यांच्या पायात बूट आन माझेच पाय उघडे. वर्ग हासला. न काढता जायचं. जागा आपली हाय, आसं समजून."

गुरुबाईचे हात थांबले होते. नवरा गेल्यापासून सहा वर्षं ती माहेरी होती. शेतावर रांगेनं खुरपणीची पात धरणाऱ्या सगळ्या बाया तिच्या हाताखाली, पण ओसरीवर परका पुरुष असला की तिनं समोर यायचं नाही, थेट बोलायचं नाही. बोलायचंच तर घरच्या माणसाच्या तोंडून.

"माणिक, इचार त्यास्नी," ती आतून म्हणाली. "टोळीतला येकजण मंद हाताचा निघाला, तर काय करा म्हणून शिकवत्यात?"

माणिकप्पानं विचारायची गरजच उरली नाही. "त्याला काढून टाका म्हणून लिवलंय," अण्णाराव म्हणाला.

"काढून कुठं टाकायचं, माणिक? गावातलीच बाई. आपुन गाणारीला पातीच्या मधी घालतो, आन मंद हाताच्या दोघी तिच्या दोन बाजूला. गाण्याच्या चालीवर खुरपं आपसूक पुढं जातंय."

अण्णाराव आता माणिकप्पाकडे बघतच नव्हता. दाराकडे बघत होता.

"ह्ये पुस्तकात न्हाई, अक्का," तो म्हणाला. "आसायला पायजे हुतं."

इतक्या वर्षांत असं कुणी तिला म्हणालं नव्हतं. त्या एका बोलानं तिला धीर आला. एक प्रश्न आठ दिवस तिनं गिळून ठेवला होता, अण्णाराव येणार म्हणून कळलं तेव्हापासून. आज विचारला नाही तर तो जन्मभर तसाच राहणार होता.

"माणिक, इचार. वर्गात बाया असत्यात का?"

"ह्ये कामून गं, अक्का? माझ्या भाकरी थापायला यायलीस का?"

"इचार."

अप्पांनी डोळे उघडले. अण्णाराव शब्द निवडून काढावेत तसा सावकाश बोलला.

"न्हाईत. पर येका कोपऱ्यात बांबूच्या काड्यांचा चिकाचा पडदा सोडलाय. त्याच्यामागं येक बाक हाय. कोणी बाई आली तर तिला बसायला. शिपाई रोज सकाळी पुसतोय त्यो. आजून कोणी आली न्हाई."

अप्पा खाकरले. बीदरची मोटार किती वाजता सुटते, विचारू लागले. मग दाराकडे न बघता म्हणाले, बाया पातीवर खोळंबल्यात. गुरुबाई सूप ठेवून मागच्या दारानं शेताकडे गेली.

त्या दिवशी तिनं गाणाऱ्या मल्लव्वाला मध्ये घातलं. मल्लव्वा गाण्यातून भावाला माहेरी न्यायला, मुऱ्हाळी येण्याची आळवणी करत होती, बाया झेलत होत्या, पात सरसर पुढं जात होती. गुरुबाईचंच खुरपं तेवढं मागं पडत होतं. चिकाच्या काड्यांमधून फळा दिसतो का, एवढं विचारायचं राहून गेलं होतं.

दिवेलागणीला ती परतली. माणिकप्पा ट्रंकेत कपडे रचत होता, अप्पा दोरी आणायला गेलेले. ओसरी रिकामी होती. ती काळ्या मातीनं भरलेल्या वहाणांसकट पायऱ्या चढली, उंबरा ओलांडला आणि दाराआड सकाळच्या जागी जाऊन बसली. सूप घेतलं नाही. पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर.

हातात दिवा घेऊन बसम्मा, तिची आई, माजघरात आली. सारवलेल्या जमिनीवर उमटलेली पावलं तिनं दिव्याच्या उजेडात पाहिली.

"गुरुबाई, वहाणा गं?"

गुरुबाई दाराच्या फटीतून समोर बघत होती.

"इथं काढत न्हाईत, अव्वा."