लसिनाचा दंड

जनाजा उचलायला माणसं वाकली, तेवढ्यात तलातो मध्ये येऊन उभी राहिली.

"हात लावायचा नाही कुणी. लसिना आल्याशिवाय माझा माणूस इथून हलणार नाही."

तिचा नवरा सिबिरी झोंगो याने कुदुगूच्या स्टेशनावर उभा जन्म घंटा वाजवली. तो मोसी जमातीचा. लसिना तोए सामो जमातीचा, त्या स्टेशनात येणाऱ्या गाडीवरचा गार्ड. मोसी आणि सामो एकमेकांना 'माझा गुलाम' म्हणतात, तोंडाला येईल ते बोलतात आणि रागवायची कुणालाच सोय नाही. मोसी गेला की सामोने येऊन जनाजा अडवायचा, मेलेल्याची यथेच्छ टिंगल करायची, दंड घ्यायचा, मगच मूठमाती. टिंगल न होता गेलेला माणूस म्हणजे परका माणूस.

काय दिवस होते ते! आबिजानच्या समुद्राकडून गाडी यायची, तिच्यातून मीठ यायचं, मासळी यायची, चघळायच्या कोलाच्या बिया यायच्या. तलातो फलाटावर मासे तळायची आणि निम्मं गाव त्या गाडीवर जेवायचं. गाडी थांबायच्या आधीच लसिना दारातून ओरडायचा, "ए गुलामा, मी नसतो तर तुमच्या देशाला मिठाची चव कळली असती का?" सिबिरी म्हणायचा, "आणि मी घंटा दिली नाही ना, तर मरशील इथेच!"

आता नुसती मालगाडी जाते, न थांबता. सरकारं उलथली, सैनिक सत्तेवर आले, तरी लसिनाच्या तुगान गावचा रस्ता बंदूकवाल्यांच्याच ताब्यात राहिला.

"बाई, ऊन उतरलं," इमाम हळूच म्हणाले. "मयत इतका वेळ ठेवू नये."

मुलगा फोन घेऊन आला. "आई, तुगानहून बस सुटलीच नाही. लसिनाकाका फोनवर आहेत."

त्याने फोन जनाज्यावर ठेवला. आतून हुंदका आला. "सिबिरी... माझ्या भावा..."

लोकांनी माना खाली घातल्या. सामो रडतोय! असं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

तलातो भडकली. "रडतोस काय मेल्या? रडायला आम्ही आहोत की! तू तुझं काम कर!"

फोनमध्ये लसिनाने घसा खाकरला.

"अरे, धरा त्या आळशाला! मालकाला न विचारता निघाला कुठे? दरवर्षी म्हणायचा, यंदा समुद्र बघायला येतो. कधी आला नाही. आणि आज बघा, चालला, तोही बिनतिकीट!"

इमामांची दाढी हलली. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळं अंगण हसायला लागलं. तलातोही हसली, आणि हसता हसता तिला सकाळपासून न आलेलं रडू आलं.

"दंड टाका! त्याशिवाय सोडणार नाही!" लसिना फोनवरून ओरडला.

तिने कमरेच्या फडक्यातून कोलाच्या बिया काढून फोनशेजारी ठेवल्या. "टाकला. पण पाठवणार नाही. इथे येऊन घेऊन जायचा."

"वहिनी, रस्ता कधी उघडेल कुणाला ठाऊक? वाळून जातील त्या."

मुलाने फोन घेतला, तलातोने बिया घेतल्या आणि माणसांनी जनाजा उचलला. तिने माठात फडकं बुडवलं, पिळलं आणि बिया पुन्हा बांधल्या.

"रोज भिजवीन," ती म्हणाली.