मॉरिशसमधलं देवघर

पहिला फटका माणिकप्पानं मारला, तोही कुदळीच्या दांड्यानं. सिद्धलिंग सरांचा चष्मा उडाला आणि भुवई फुटून रक्त डोळ्यात उतरलं.

"बापाच्या समाधीला हात लावशील तर हितंच गाडून टाकीन!" माणिकप्पा ओरडला.

सरांनी नांदेडहून दोन माणसं आणली होती, ती काही शेत बघायला नव्हे. एकानं माणिकप्पाला मागून आवळलं, दुसऱ्यानं लोखंडी पाइप हाणला. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. सरांचा हा धाकटा भाऊ ज्वारीच्या धसकटांत गुडघ्यांवर आला, तशी सरांनी त्याच्या छातीत लाथ घातली. एकदा नव्हे, स्वतःला दम लागेपर्यंत. लातूरच्या क्लासमध्ये हा माणूस साधा आवाजही चढवत नसे.

"बस करा सर, मरंल तो," म्हणत गुलाम रसूल मिस्त्री मध्ये पडला. समाधीचा चौथरा त्यानंच बांधला होता आणि आज फोडायलाही सरांनी त्यालाच बोलावलं होतं.

भांडण घराचं होतं, आणि घर अजून कागदावरच होतं. क्लास बंद करून सरांना मॉरिशसला, जिथली जमीन हलत नाही तिथं, राहायला जायचं होतं. लाकडी भिंती, पत्र्याचं हलकं छप्पर, दगड म्हणाल तर एकही नाही. तिथंही मराठी माणसं आहेत एवढ्यावर त्यांची बायको आरती राजी झाली होती. त्यासाठी हे शेत विकायचं होतं. घेणारे अमृतराव डाळमिलवाले अडून बसले होते, आधी समाधी हलवा, मग खरेदीखत.

लोक सरांची थट्टा करत. करोत बापडे. सरांना भीती वाटायची, अगदी लहान पोराला वाटावी तशी. पोरं सरांना घाबरत, सर जमिनीला. तीन मजली इमारत बांधूनही ते तळमजल्यावर दाराला लागून पलंग टाकत.

त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचे वडील, अण्णाराव अप्पा, तुळईखाली सापडले. अंगावर ओरखडा नव्हता, पण श्वास जाणवत नव्हता आणि अंग गार पडलं होतं. डॉक्टर मिळायचा प्रश्नच नव्हता. चौकात एकाच चितेवर गावाची प्रेतं रचणं चाललं होतं. अप्पांना उचलायला माणसं आली तेव्हा सिद्धलिंग आडवा आला.

"आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत न्हाईत, बसवून पुरतात."

त्यानं शेतात खड्डा काढला. अप्पांना मांडी घालून बसवलं, भस्म लावलं, गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी डाव्या तळहातावर ठेवली. पाऊस कोसळत होता, मातीचा रबडा झाला होता. तो बापाच्या तोंडावर लोटणं काही त्याच्यानं होईना. मग पडक्या घराच्या शहाबादी फरशा खड्ड्यावर आडव्या घातल्या आणि चिखल त्यांच्यावर ओढला. सगळं गाव एका चितेवर गेलं, आपल्या बापाला मात्र आपण रीतीनं बसवलं, याचा सरांना जेवढा अभिमान होता तेवढा क्लासचाही नव्हता.

कुत्री माती उकरतील म्हणून दोघे भाऊ तिथंच राखणीला बसले. आणि जमीन बोलायला लागली. धप्. मग शांत. मग पुन्हा धप्. त्या दिवसांत सगळ्या तालुक्यातच जमिनीतून आवाज येत होते, लोक रानात उघड्यावर झोपत होते.

"दादा, जमीन फुटायली. पळ!" माणिकप्पा म्हणाला.

दोघे सडकेपर्यंत पळाले. सर तिथून लातूरला गेले ते गेलेच. माणिकप्पा दुसऱ्या दिवशी शेतात परतला. 'आता आवाज न्हाई येत,' एवढाच त्यानं निरोप धाडला. गावात आवाज पुढं महिनाभर चालू राहिले. माणिकप्पानं समाधीला लागून खोपट घातलं, लग्न केलं नाही, आणि शेत सोडून कुठं गेला नाही.

लहरींचा धडा आला की सर दरवर्षी हा किस्सा सांगत. "याला आफ्टरशॉक म्हणतात. खालचा खडक बसतो, तेव्हा आवाज होतो." पोरं मन लावून उतरवून घेत.

"उघडू नको, दादा," माणिकप्पा रक्त थुंकत म्हणाला. आता त्याचा आवाज रडवेला झाला होता. "तू जा ना तुझ्या मॉरिशसला. शेत बी वीक. पर ह्याला उघडू नको. तुझ्यासाठीच सांगायलो."

"माझ्यासाठी?" सरांचेही डोळे भरून आले. "अरे, मी त्यांना न्यायला आलोय. नकाशात देवघर काढलंय. अप्पांचं लिंग तिथं ठेवणार, रोज पूजा करणार. जी जमीन गप्प बसत नाही तिच्यात त्यांना एकटं सोडून जाऊ?"

माणिकप्पा मोडलेलं मनगट पोटाशी धरून धसकटांत मागं सरकला.

गुलाम रसूलनं चौथरा फोडला, माती उपसली आणि पहार घालून पहिली फरशी बाजूला सरकवली. सर स्वतः खड्ड्यात उतरले. हाडांचा ढीग कोपऱ्यात खचला होता. भुवईचं रक्त त्यावर ठिबकत होतं. सर हातानं माती चाळू लागले.

"डाव्या हातात ठेवली होती. मीच ठेवली होती. गेली कुठं?"

गुलाम रसूल खड्ड्यात डोकं घालून बघत होता.

"सर," तो हळूच म्हणाला. "वर बघा."

दुसरी फरशी अजून सरांच्या डोक्यावरच होती. तिच्या खालच्या अंगाला एकाच जागी टवके उडून वाटीएवढा खळगा पडला होता. शेजारी, सांध्याच्या वाळलेल्या चिखलात चांदीची डबी रुतून बसली होती, ठोकून ठोकून चपटी झालेली. सरांनी वळून भावाकडे पाहिलं, तर माणिकप्पानं डोळे आधीच मिटून घेतले होते.