टिचकी

"अशी नाही, जोरात मारा. आईच्या हातची टिचकी लागत नाही," सिस्टर हसून म्हणायच्या.

सातव्या महिन्यातच जन्मलेली माझी लेक मधूनच श्वास घ्यायला विसरायची. मशीन वाजलं की काचेच्या पेटीत हात घालून मी तिच्या तळपायाला टिचकी मारायचे. तळपाय माझ्या अंगठ्याएवढा. जोरात मारवतच नसे. तरी ती दचकायची, रुसल्यासारखं तोंड करायची आणि श्वास घ्यायची.

आज दुपारी टिचकीने काही झालं नाही. डॉक्टर बराच वेळ झटले, मग त्यांनी मशीन बंद केलं. सिस्टरनी नळ्या काढून तिला पहिल्यांदाच माझ्या मांडीवर दिली.

मी टिचकी मारली. मग जोरात. आणखी जोरात.

सिस्टरनी माझा हात धरला. "बास, ताई. लागेल तिला."