दारातला माठ

"बेटावर मनुष्यवस्ती नाही," असं मोजणीच्या कागदावर मीच लिहिलं होतं. सातही घरांना कड्या होत्या आणि माणसांची वाट बघायचा मला कंटाळा आला. त्या शेऱ्यावरच बेट बंदराला गेलं, घरं पाडली गेली.

तीस वर्षांनी बंदरामागच्या खाडीत बगळे बघायला गेलो. होडीवाला हिराजी म्हणाला, "आमी इथलेच. मोजणीवाले आले तेव्हा सगळी लग्नाला पलीकडे गेलेली. घर सोडताना दारात माठ भरून ठेवायचा, अशी आमची रीत. बेटावर गोडं पाणी कुठंय, साहेब? आल्यागेल्याला लागतं."

 मोजणीच्या दिवशी ते गार पाणी मीच प्यालो होतो.

"परत आलो तर माठ अर्धा झालेला. आय किती खूश! म्हणाली, पाहुणा पिऊन गेला."