मुठीतली नळी

ओदवारचं रक्त गोठत नव्हतं.

जाळं ओढणाऱ्या यंत्रात मांडी सापडलेला हा मासेमार आत टेबलावर होता. दाराबाहेर एल्ड्रिड त्याच्याच रक्ताची काचेची नळी मुठीत धरून उभी होती. बेटावरच्या या दवाखान्यात चाळीस वर्षं ती हेच करत आली होती. मुठीची ऊब द्यायची, मिनिटामिनिटाला नळी कलती करायची. दहा मिनिटांत रक्त घट्ट व्हायला हवं. तीस झाली होती. अजून पाण्यासारखं इकडून तिकडे जात होतं.

"बाई, काय म्हणतंय?" आतून डॉक्टर वेगार ओरडला. जखमी गार पडू नये म्हणून खोली भट्टीसारखी तापवली होती. त्याचा सदरा भिजला होता.

"वाहतंय. तुम्ही शिवाल तिथून पाझरेल. ताजं रक्त हवं."

रक्त देणाऱ्यांच्या यादीतल्या माणसांना फोन गेले. पाववाली शेल्लाउग सगळ्यात आधी आली, पिठाच्या हातांनी.

"हात तरी धुवायचेस," एल्ड्रिड म्हणाली.

"सुई दंडात टोचणार ना? टोच मग. पाव भट्टीत आहेत माझे."

तिची पिशवी कोमट होती तोवरच ओदवारला लावली. पहिले थेंब उतरले आणि एल्ड्रिडच्या मुठीत काहीतरी थांबलं. तिनं नळी कलती केली. मग उलटी केली. रक्त हललं नाही.

"थांबतंय!" आतून वेगारचा आवाज आला. "बाई, थांबतंय!"

एल्ड्रिड नळीकडे बघत राहिली. ही तर आधीच काढलेली. शेल्लाउगचा एक थेंबही हिच्यात गेला नव्हता.

काम झालं की नळी डब्यात टाकायची असते. तिनं ती कोटाच्या खिशात ठेवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ओदवार उठून बसला, त्यानं माशाचं सूप मागून घेतलं. "काय रक्त भरलंत माझ्यात," तो म्हणाला. "पहाटे तीनला जाग येते, पीठ मळावंसं वाटतं!"

सगळे हसले. एल्ड्रिडही हसली, आणि खिशात हात घातला. नळी कोमट लागली. तिनं ती बाहेर काढून कलती केली.

रक्त वाहिलं.

ती फोनकडे गेली.

"शेल्लाउग, तुझ्या भावाला पाठव. तोही यादीत आहे."

"पीठ मळतोय तो. का, आता कोणाला काय झालं?"

काचेपलीकडे ओदवार चमचा हातात धरून अजून हसत होता.

"हात धुवायला थांबू नको म्हणावं," एल्ड्रिड म्हणाली.