मागचा ठेका

शिवप्रसादनं जुना कीबोर्ड दुरुस्त करून घेतला, ऐंशीच्या दशकातल्या सिंथ-पॉपच्या थाटात स्वतःचं गाणं बसवलं आणि राजेश्वर या मित्राच्या घरी एकट्यानं रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकलं. सकाळी कमेंट वाचल्या आणि त्याचं डोकंच फिरलं.

"मागचा टक्-टक् ठेका एक नंबर!"

"ठेका कुणी वाजवलाय, अण्णा? जुने दिवस आठवले."

कीबोर्डबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. आणि ठेका तर त्यानं वाजवलाच नव्हता! तो होता भिंतीपलीकडच्या पिठाच्या गिरणीचा. तिच्या पट्ट्याचा जोड प्रत्येक फेऱ्याला चाकावर आपटायचा.

तो तणतणत गिरणीत शिरला. "सोजराक्का, समद्या गाण्याचा इस्कोट केलास की! मी गायलालो तवा गिरणी कामून चालू ठिवलीस?"

"बघू, काय इस्कोट झालाय ते."

त्यानं मोबाइल पुढं धरला. सोजराबाईनं पिठाचे हात पदराला पुसले आणि कान देऊन गाणं ऐकलं. ठेक्यावर तिची मान डोलायला लागली. कडवं सुरू झालं, तशी मान थांबली आणि कपाळाला आठ्या पडल्या.

"माझी गिरणी एवढी झ्याक चालायलीय," ती भडकून म्हणाली, "मधी मधी तूच कामून वरडायलास रं?"